दोन गिऱ्हाइकं असतील तरच लिलाव

गिरगावातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग इथे देते.

"आमची चाळ पुनर्विकासाला गेली. दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करून द्यायच्या आहेत. नवी जागा मिळेपर्यंत दहिसरला भाड्याच्या वन बीएचकेत राहणार आहोत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा सगळा संसार या दोन खोल्यांत आणि पोटमाळ्यावर आहे. शिसवी आरामखुर्ची, गोदरेजचं कपाट, तांब्याचा बंब, घंगाळ, पितळेचे डबे, ग्रामोफोन आणि ट्रंकभर तबकड्या, देवांच्या जुन्या तसबिरी, सासऱ्यांनी जपलेले व्हिक्टोरियाच्या काळातले राणीछाप रुपये, दिवाळी अंकांचे गठ्ठे. शिवाय आमचा सोफा, वॉशिंग मशीन, दोन मिक्सर. मुलगा म्हणतो, सगळ्याचा ऑनलाइन लिलाव करू, चांगले पैसे येतील. दीर म्हणतात, भंगारवाल्याला बोलवा आणि एका दिवसात मोकळे व्हा. नणंद फोनवर म्हणाली, 'आईच्या वस्तूंचा बाजार मांडलात?' ते ऐकल्यापासून मला झोप नाही. सोफ्याची जाहिरात टाकून पाहिली तर दहा मिनिटांत एकाचा फोन. लष्करात आहे म्हणाला, घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य केली आणि लगेच क्यूआर कोड पाठवला. मला काहीतरी खटकलं. फोन बंद केला, जाहिरातही काढून टाकली. आता काय करू?"

ताई, आधी त्या फोनबद्दल. तुम्हाला खटकलं आणि तुम्ही थांबलात, हे फार चांगलं झालं. हा प्रकार आता जुना झालाय, तरी रोज कुणी ना कुणी त्यात सापडतं. लष्करातला किंवा निमलष्करी दलातला माणूस असल्याची बतावणी, बदली झाल्यामुळे प्रत्यक्ष येता येत नाही ही सबब, वस्तू न बघताच होकार, आणि मग "हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील". यूपीआयवर पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात, येत कधीच नाहीत. एवढं एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा. कुणाचे पैसे गेलेच, तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

असाच दुसरा सापळा तुमच्या राणीछाप रुपयांभोवती लागेल, म्हणून तोही आत्ताच सांगते. "तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, फक्त आधी नोंदणीची फी भरा, कमिशन भरा, कर भरा" असे मेसेज येतात, आणि त्यावर रिझर्व्ह बँकेचं नावही असतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर खुलासा केला आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक नाही, ती कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही आणि तिने कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागणारा माणूस गिऱ्हाईक नसतो.

आता नणंदेचं. तुमची झोप त्यामुळे गेली आहे, आणि माझ्या मते लिलावाच्या आधी सोडवायची गाठ हीच आहे. तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण स्पष्ट सांगते. सासूबाईंनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे आईच्या मालमत्तेवर मुलाइतकाच मुलीचा हक्क असतो, आणि वडिलांच्याही. भांडीकुंडी त्यात आलीच. म्हणजे त्या बंबावर आणि आरामखुर्चीवर तुमच्या यजमानांचा, दिरांचा आणि नणंदेचा वाटा सारखा आहे. सांभाळ तुम्ही केलात, पुसापुशी तुम्ही केलीत, सासूबाईंचं आजारपण बहुधा तुम्हीच काढलंत. पण विकायचं की नाही हे तुम्ही आणि मुलगा मिळून ठरवू शकत नाही. नणंदेच्या बोलण्यातला काटा बाजूला ठेवा. तिला न विचारता तिच्या आईच्या वस्तू विकायला निघाल्यात, एवढंच तिच्यापर्यंत पोचलं आहे.

म्हणून पहिल्या आठवड्यात काहीही विकू नका. प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, नंबर द्या आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका: "ज्याला जे आठवण म्हणून हवं आहे ते रविवारपर्यंत सांगा, पुढच्या रविवारपर्यंत घेऊन जा. उरेल ते विकू. आलेल्या पैशांचं काय करायचं ते आपण सगळे मिळून ठरवू." एकच वस्तू दोघांना हवी असेल तर चिठ्ठ्या टाका. भावंडांत बोली मात्र लावू नका. त्यात ज्याच्या खिशात जास्त, त्याच्याकडे आईची वस्तू जाते, आणि ते पुढच्या प्रत्येक गणपतीत निघतं. घेऊन जायची तारीख ठरवणंही तितकंच गरजेचं आहे, कारण "माझ्यासाठी ठेव" म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि ती वस्तू दहिसरच्या वन बीएचकेत तुमच्याच पायात येते.

एवढं झालं की मुलाच्या लिलावाकडे वळू. त्याची कल्पना चांगली आहे, पण "सगळ्याचा" हा शब्द चुकला. लिलाव हे भाव वाढवायचं यंत्र नव्हे. एकाच वस्तूवर किमान दोघांचा जीव जडलेला असेल, तरच बोली चढते. लालबागच्या राजाच्या चरणी आलेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंचा मंडळ दर वर्षी विसर्जनानंतर जाहीर लिलाव करतं. तिथे बोली पुष्कळदा धातूच्या बाजारभावाच्या वर जाते. घेणाऱ्याला नुसतं सोनं हवं असतं तर तो झवेरी बाजारात गेला असता. त्याला राजाचा प्रसाद हवा असतो, आणि तोच प्रसाद हवा असलेले आणखी कितीतरी जण शेजारी उभे असतात. तुमच्या सोफ्याला असा दुसरा माणूस नाही. सोफा कुणालाही चालतो, पण तोच सोफा हवा असं कुणाला वाटत नाही. त्यामुळे सोफा लिलावात टाकला तर पहिलीच बोली शेवटची ठरते.

दुसरी गोष्ट, मुलाच्या डोक्यात जी लिलावाची वेबसाइट आहे ती आपल्याकडे आता नाही. बाझी डॉट कॉम नावाची भारतीय साइट होती, ती ईबेने २००४ मध्ये घेतली. पुढे काही वर्षं घरातल्या जुन्या वस्तूंवर इथे खरोखर बोली लागत. २०१७ मध्ये ईबेचा भारतातला कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती साइट बंद झाली. आज ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर चालते ती घासाघीस, लिलाव नव्हे. खरी बोली आता दोन ठिकाणी लागते. एक, संग्राहकांचे फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवरचे गट: तबकड्यांचे, नाण्यांचे, काडेपेट्यांचे, जुन्या जाहिरातींचे. दुसरं, व्यावसायिक लिलावगृहं. मुंबईत नाण्यांसाठी टोडीवाला आहेत, चित्रांसाठी सॅफ्रनआर्ट आणि पंडोल. त्यांच्याकडे वस्तू आधी तपासली जाते, कॅटलॉगमध्ये येते, आणि ते आपलं कमिशन कापून घेतात. घरातली किरकोळ वस्तू ते स्वीकारणार नाहीत. पण फोटो पाठवून विचारायला काही लागत नाही.

आता तुमच्या यादीत दोन गिऱ्हाइकं कशाला मिळतील ते बघू.

तबकड्या सगळ्यात वर. ट्रंकेतल्या तबकड्या जड आणि पडताच फुटणाऱ्या असतील तर त्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या आहेत. प्रत्येकीच्या मधल्या कागदावर कंपनी, गायक आणि क्रमांक छापलेला असतो. संग्राहक तो क्रमांक बघून बोली लावतो, म्हणून त्या कागदाचा सरळ, स्वच्छ फोटो हवाच. एचएमव्हीच्या खूप निघाल्या. इथल्या छोट्या कंपन्यांच्या कमी निघाल्या, उदाहरणार्थ १९३५ च्या सुमारास मुंबईत सुरू झालेली यंग इंडिया. नाट्यपदं, लावण्या, बैठकीतले गवई, भाषणं, पोवाडे यांचे शोधणारे लोक ठरलेले आहेत आणि ते एकमेकांना ओळखतातही. अशा ठिकाणीच बोली चढते. एक काळजी घ्या: तबकडी पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात वापरू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि आवाजासकट सगळं जातं. मऊ कोरड्या कापडाने धूळ झाडा, पुरे. ठेवताना उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. आणि सगळी ट्रंक एका बोलीत देऊन टाकू नका. आठ-दहाचे गट पाडा, दुर्मीळ वाटेल ती एकटी ठेवा.

ग्रामोफोनचं जरा वेगळं आहे. चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, चकचकीत पितळी कर्ण्याचे कितीतरी ग्रामोफोन दिसतात, आणि त्यातले बरेचसे सुटे भाग जुळवून अलीकडेच बनवलेले असतात. त्यामुळे घेणारा आधीच संशयाने बघतो. तुमचा चालू असेल तर चावी दिल्यापासून तबकडी वाजून संपेपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा. आतल्या मोटरचा, साउंड बॉक्सचा (सुई बसवतात तो गोल भाग) आणि कंपनीच्या पट्टीचाही फोटो द्या. सासऱ्यांची खरेदीची पावती कुठे सापडली तर ती वस्तूसोबतच ठेवा. पिवळ्या पडलेल्या पावतीने संशय जितका फिटतो तितका दहा फोटोंनीही फिटत नाही.

तसबिरी घाईने विकून टाकू नका. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईतच सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं तुमच्या गिरगावात घरोघरी लागलेली असत. चित्राच्या खालच्या काठावर छापखान्याचं नाव बारीक अक्षरांत असतं का, ते भिंगातून पाहा. पण काचेला चिकटलेलं चित्र ओढून सोडवू नका आणि फ्रेमही बदलू नका. पुढून, मागून आणि त्या काठाचा जवळून, असे फोटो काढून जाणकाराला दाखवा. नंतरच्या काळातल्या नकलाही खूप आहेत, तेव्हा "अस्सल रविवर्मा" असं तुम्ही स्वतः लिहू नका. "खाली छापखान्याचं नाव असं आहे, माप इतकं आहे" इतकंच लिहा.

इथे कायदाही माहीत हवा. पुरावशेष आणि कलावस्तू कायदा १९७२ प्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावशेषात मोडते. महत्त्वाची हस्तलिखितं असतील तर पंचाहत्तर वर्षं. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि काही प्रकारांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणीही करावी लागते. म्हणून परदेशातल्या कुणी "कुरिअर करा, डॉलरमध्ये देतो" म्हटलं तर शंभरीच्या आसपासच्या वस्तूला सरळ नाही म्हणा. वयाची शंका असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत जा. तसंच पोटमाळ्यावर हस्तिदंती डबी, वाघनख, सांबरशिंग असं काही सापडलं तर त्याचा फोटोसुद्धा कुठल्या ग्रुपवर टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याची विक्री गुन्हा आहे. वन विभागाला विचारून पुढचं ठरवा.

राणीछाप रुपये चिंच किंवा लिंबाने घासून चमकवायचा मोह होईल. घासू नका. नाण्यावरचा काळपटपणा संग्राहकाला हवा असतो, घासलेलं नाणं त्याच्या लेखी पडेल माल. राणीच्या काळातल्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी; म्हणजे चांदीचा त्या दिवसाचा भाव बघितला की त्याखाली जायचं नाही ती रेषा तुम्हाला घरबसल्या कळते. त्यात पुढच्या राजांचे रुपयेही मिसळलेले असतील, तर १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली हे लक्षात ठेवा आणि सन बघून दोन ढीग करा. बहुतेक नाणी चांदीच्या भावाच्या जवळपासच जातील. एखाद्या सनाचं किंवा टांकसाळीचं नाणं मात्र पुष्कळ वर जातं, आणि ते कुठलं हे नाण्यांचा माणूसच सांगू शकेल. एकाला दाखवून थांबू नका, दोघांना दाखवा.

बंब, घंगाळ आणि डब्यांनाही हीच रेषा लावा: आधी मोडीचा भाव काढा. घरच्या काट्यावर वजन करा, दोन वेगवेगळ्या भांडीवाल्यांकडून तांब्या-पितळेचा मोडीचा दर विचारा, गुणाकार करा. ती झाली तळाची किंमत. बंबाला आज चांगली मागणी आहे. हॉटेलवाले, शेतघरवाले, गावचं घर नव्याने बांधणारे असे बंब शोधतात. त्यामुळे मोडीच्या भावात तो भंगारवाल्याला देणं म्हणजे नुकसान. दिरांना हा गुणाकार कागदावर दाखवा. ते तुमच्या विरोधात नाहीत, त्यांना फक्त कटकट नको आहे.

आरामखुर्ची लिलावात घालता येईल, पण तिची जाहिरात नीट लिहायला हवी. "अँटिक, सुंदर, दुर्मीळ" याने काही होत नाही. घेणाऱ्याला खोट कळली की त्याचा विश्वास बसतो आणि तो बिनधास्त बोली लावतो. खोट लपवली की तो मनातल्या मनात दुप्पट खोट धरतो. असं लिहा:

"शिसवी आरामखुर्ची, लांब हातांची, वेताची बैठक. उंची अडतीस इंच, रुंदी सव्वीस. उजव्या हाताला मागच्या बाजूने तीन इंचांची चीर आहे, भरलेली आहे, फोटो क्रमांक चार पाहा. वेत दोन जागी तुटला आहे, नवा विणून घ्यावा लागेल. वाळवी नाही. पॉलिश जुनंच आहे. गिरगाव, दुसरा मजला, लिफ्ट नाही. जिना अरुंद आहे, खुर्ची आडवी करून उतरते. हमाल आणि टेम्पो घेणाऱ्याने करायचा. बघायला शनिवार-रविवार, सकाळी."

मापं आणि दोष तुमच्या खुर्चीप्रमाणे बदला, पण इतक्याच तपशिलाने लिहा. जिन्याची ओळ विसरू नका. गिरगावात व्यवहार मोडतो तो किमतीवरून कमी आणि जिन्यावरून जास्त. माणूस टेम्पो घेऊन येतो, वर बघतो आणि तिथेच निम्मी किंमत सांगतो.

लिलावाचे नियमही आधीच लिहून टाका: "सुरुवातीची बोली पाच हजार. पुढची वाढ किमान दोनशेची. रविवारी रात्री नऊला बंद. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ आणखी पाच मिनिटं वाढेल. जिंकणाऱ्याने दोन दिवसांत निम्मी रक्कम द्यायची, नाहीतर वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीला जाईल. आणखी फोटो हवे असतील तर शनिवारपर्यंत मागा." ती पाच मिनिटांची अट फार उपयोगी आहे. ती नसेल तर सगळे आठ एकोणसाठपर्यंत दबा धरून बसतात आणि शेवटच्या क्षणी एकच बोली पडते. सुरुवातीची बोली किती ठेवायची, हा मुलाचा प्रश्न असणार. ज्या वस्तूला मोडीचा भाव आहे तिथे त्या भावाच्या किंचित वर. तबकड्यांसारख्या, जिथे माणसं नक्की आहेत तिथे कमी, म्हणजे चार जण आत येतात आणि मग चुरस लागते. खुर्चीसारख्या, जिथे माणसं मोजकी आहेत तिथे, ज्याखाली द्यायचीच नाही त्या आकड्यापासूनच सुरू करा.

मुलाला एक गोष्ट बजावून सांगा. भाव चढवायला मित्राकडून खोटी बोली लावायची नाही. मालविक्री कायदा १९३० चं कलम ६४ लिलावाबद्दलच आहे. विकणाऱ्याने भाव फुगवायला खोटी बोली लावली तर घेणाऱ्याला व्यवहार रद्द करता येतो. आणि संग्राहकांच्या गटात असा प्रकार एकदा उघड झाला की उरलेल्या तबकड्यांना कुणी हात लावणार नाही. आणखी एक, लिलाव पुकारून संपेपर्यंत बोली लावणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते, हेही त्याच कलमात आहे. कुणी मागे हटलं तर भांडू नका, खालच्या बोलीला विचारा.

वेळेचंही बघा. दिवाळीची मुदत आहे म्हणजे मधे गणपती, पितृपक्ष, नवरात्र येतं. पितृपक्षात आपल्याकडची बरीच मंडळी घरात वस्तू आणत नाहीत, तेव्हा मोठ्या वस्तूंचा लिलाव नवरात्रात घ्या, दसऱ्याच्या आधी संपेल असा. तबकड्या आणि नाणी लहान आहेत, त्यांना पावसाचीही अडचण नाही. ती आधी काढा.

बघायला येणाऱ्यांना घरात एकट्याने घेऊ नका. तुमच्याकडे चाळीची गॅलरी आहे, तिचा उपयोग करा. खुर्ची, बंब, घंगाळ गॅलरीत मांडा, शेजारीपाजारी असताना, दिवसा. मुलगा किंवा यजमान सोबत असू द्या. नाणी घरी दाखवू नका; दुकानात किंवा लिलावगृहातच घेऊन जा. लहान वस्तूंची देवघेव दादरला किंवा चर्चगेटला स्टेशनवर, वर्दळीच्या वेळी होऊ शकते. पैसे खात्यात आल्याचं तुमच्या बँकेच्या अॅपमध्ये उघडून बघा. समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट किंवा आलेला एसएमएस पुरेसा नाही.

बाहेरगावी पाठवायचं असेल तर कुरिअरचा हिशेब आधी करा. बहुतेक कंपन्या आकारमानावर वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. साठ बाय साठ बाय तीसच्या खोक्यातलं घंगाळ काट्यावर पाच किलो भरलं, तरी बिल २१.६ किलोंचं होतं. म्हणून मोठ्या वस्तू मुंबई-ठाण्याच्या आतच विका.

उरलेल्या संसाराला लिलाव नको. सोफा, वॉशिंग मशीन, चालू मिक्सर यांना एक ठाम किंमत लावा आणि चाळीच्या ग्रुपवर आणि ओळखीत सांगा. ओएलएक्सवर तसल्याच सोफ्याला लोकांनी मागितलेली किंमत दिसते, मिळालेली दिसत नाही, तेव्हा त्या आकड्यांवर जाऊ नका. महिनाभर पडून राहिलेल्या जाहिराती कुठल्या किमतीच्या आहेत ते बघा आणि त्यापेक्षा बऱ्याच खाली या. जोगेश्वरीला ओशिवऱ्यात जुन्या फर्निचरची दुकानं आहेत, ते घरी येऊन घेऊन जातात. कमी देतात, पण जिना उतरवायची डोकेदुखी त्यांची. बंद पडलेला मिक्सर ई-कचऱ्यात, नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे. कुणाला फुकट द्यायचं असेल तर चालू स्थितीतलंच द्या आणि त्याला हवं आहे का ते आधी विचारा.

दिवाळी अंकांना पैसा फारसा येणार नाही, पण रद्दीत घालू नका. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची आहे. तितके जुने तुमच्याकडे नसतील, तरी सलग वर्षांचा संच असेल तर अभ्यासकांना तो हवा असतो. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून पाहा. कुठली वर्षं आहेत याची यादी करून न्या.

कराचं थोडक्यात. घरच्या वापरातलं फर्निचर, भांडी, कपडे विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रं आणि कलावस्तू मात्र त्या सवलतीत येत नाहीत. तसबिरीला किंवा नाण्यांना मोठी रक्कम आली तर तुमच्या सीएशी बोलून घ्या. आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही, ते कायद्यात बसत नाही.

गोदरेजचं कपाट मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. ते वजनावर जाईल किंवा एखादा गरजू वापरायला नेईल, दोन्ही चालेल, पण देण्याआधी ते पूर्ण रिकामं करा. लॉकर उघडा, खणांतले कागद बाहेर काढा, खालच्या पत्र्याखाली हात घालून बघा. ट्रंका आणि पोथ्यांच्या बासनांतही बघा. त्या पिढीने शेअरची कागदी प्रमाणपत्रं, पोस्टाची सर्टिफिकेटं, विम्याच्या पॉलिसी, मुदतठेवीच्या पावत्या अशाच ठेवलेल्या असतात. सात वर्षं कुणी न मागितलेला लाभांश आणि त्यासोबतचे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात; वारसांना अर्ज करून ते परत मिळवता येतात. बँकांत पडून राहिलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं, तिथे सासरे आणि सासूबाई दोघांच्याही नावाने शोधा. सासूबाईंचं माहेरचं नावही टाकून बघा. सापडेल त्या प्रत्येक कागदाचा फोटो त्याच दिवशी घरच्या ग्रुपवर टाका, कारण त्यावरही तिघांचा हक्क आहे. आणि हे काम नणंदेला बोलावून, तिच्यासोबत बसून करा. आईने कुठला कागद कुठे ठेवला असेल, हे लेकीला जास्त ठाऊक असतं.